बॅज मिळाला, शरीराला काय मिळाले?

जून उजाडला की मुंबईतल्या सायकलस्वारांचे वेळापत्रक बदलते. पहाटे मरीन ड्राइव्हवर किंवा शिवाजी पार्कच्या आसपास दिसणाऱ्या सायकली घरात जातात. रस्त्यावरचे खड्डे, साचलेले पाणी आणि निसरडी गटारांची झाकणे यांच्याशी झुंजण्यापेक्षा सायकलचे मागचे चाक काढून ती ट्रेनर नावाच्या उपकरणावर बसवणे अनेकांना सोयीचे वाटते. लालबाग-परळमध्ये गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांत जिमसाठी स्वतंत्र जागा असते. दादरच्या जिममध्ये स्थिर सायकलींची रांग असते. गिरगावच्या चाळीतही एखाद्या खोलीच्या कोपऱ्यात ट्रेनर मावतो. अडचण असते ती त्याच्या घरघरीने खालच्या घराची झोप मोडण्याची. जागा कोणतीही असो, समोर मोबाइल किंवा टीव्हीचा पडदा असतो. त्यावर आभासी रस्ता पळत असतो आणि व्यायाम संपला की एक चकचकीत बॅज उमटतो. कधी तो शंभर किलोमीटर पूर्ण केल्याचा असतो, कधी सलग सात दिवस सायकल चालवल्याचा, तर कधी अमुक घाट चढल्याचा.

या बॅजमुळे सरावाला मदत होते की अडथळा येतो? अॅपवाल्यांच्या लेखी हा प्रश्नच नाही. जितके बॅज तितका व्यायाम, असे त्यांचे साधे गणित असते. दुसरीकडे जुन्या वळणाचे व्यायामपटू या सगळ्याला पोरखेळ म्हणतात. उपलब्ध संशोधन पाहिले तर दोघांचेही अर्धेच खरे ठरते. बॅज माणसाला सायकलवर बसवतात, हे बऱ्यापैकी सिद्ध झाले आहे. पण सायकलवरून उतरायचे कधी, हे ते सांगत नाहीत, आणि सराव ज्याला म्हणतात त्यात उतरण्यालाही बसण्याइतकेच महत्त्व असते.

बक्षिसाची परंपरा जुनीच

आभासी सायकलिंगमधले सर्वांत परिचित नाव झ्विफ्ट. हे अॅप २०१४ मध्ये आले. त्यातल्या वाटोपिया नावाच्या काल्पनिक बेटावर फ्रान्समधल्या प्रसिद्ध आल्प द्युएझ घाटाची प्रतिकृती आहे: २१ वळणे, सुमारे १२ किलोमीटर अंतर आणि हजार मीटरहून थोडी जास्त चढण. हा घाट एकदा चढला की कौतुक होते. पंचवीस वेळा चढणाऱ्याला वेगळा बॅज मिळतो. एकूण ५० हजार मीटर चढण पूर्ण करणाऱ्याला चमकत्या चाकांची एक आभासी सायकल मिळते. ती पडद्याबाहेर कुठेच अस्तित्वात नसली तरी तिच्यासाठी माणसे महिनोन् महिने घाम गाळतात. स्ट्राव्हा, गार्मिन आणि इतर अॅपमध्येही याच धर्तीची मानचिन्हे आहेत.

हे सगळे परदेशी खूळ म्हणून उडवून लावणे सोपे आहे, पण ते खरे नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब देण्याची परंपरा आहे. महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा हे कुस्तीतले सर्वांत मोठे मानचिन्ह. तालमीत जोर-बैठकांची मोजणी पिढ्यान् पिढ्या चालत आली. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाल्यापासून शर्यत पूर्ण केल्याचे पदक शहरातल्या कितीतरी घरांच्या भिंतीवर लटकलेले दिसते. मोजणे, मिरवणे आणि बक्षिसासाठी झटणे मराठी माणसाला नवे नाही.

फरक आहे तो दोन बाबतींत. पहिला म्हणजे किताब किंवा गदा दुर्मीळ असते, ती वर्षाकाठी एकाच्या वाट्याला येते; अॅपचा बॅज मात्र दर दोन-चार दिवसांनी समोर येतो. दुसरा फरक अधिक मोलाचा आहे. तालमीत वस्ताद असतो. पठ्ठ्याचा खांदा दुखावलेला दिसला, चेहरा उतरलेला दिसला की तो ‘आज बस कर’ असे सांगतो. अॅपला वेग, अंतर, वॅट आणि फार तर हृदयाचे ठोके दिसतात. रात्री झोप झाली नाही, परवापासून ताप आहे, गुडघा कुरकुरतो आहे, यातले काहीही बॅजच्या हिशेबात येत नाही.

सुरुवातीला फायदा होतो

आधी बॅजच्या बाजूचा पुरावा पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरेशी म्हणजे आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरकस व्यायाम. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. अशा देशात अतिव्यायाम ही मूठभरांची समस्या आहे. बहुतेकांची अडचण सुरुवात करण्याची असते. त्या पहिल्या ढकलीसाठी बॅज उपयोगी पडत असेल, तर नाक मुरडण्याचे कारण नाही.

आणि तो उपयोगी पडतो. अमेरिकेत ६०२ जाड्या किंवा लठ्ठ कर्मचाऱ्यांवर झालेल्या ‘स्टेप अप’ या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. गुण, पातळ्या आणि सहकाऱ्यांशी खेळीमेळीची स्पर्धा मिळालेल्या गटाची रोजची पावले, फक्त पावले मोजणारे उपकरण मिळालेल्या गटापेक्षा सुमारे ९०० ने जास्त वाढली. २०२२ मध्ये अशा १६ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यातही खेळासारखी रचना असलेल्या उपक्रमांमुळे शारीरिक हालचाल वाढते, असेच दिसले. हे अभ्यास मुख्यतः चालण्यावरचे आहेत आणि त्यांत बॅजसोबत इतर क्लृप्त्याही होत्या, हे ध्यानात ठेवले तरी दिशा स्पष्ट आहे.

घरातल्या सायकलला तर अशा क्लृप्तीची गरज जास्त. रस्त्यावर समुद्र असतो, वारा असतो, सोबतीला मित्र असतात, वाटेत चहाची टपरी असते. भिंतीकडे तोंड करून चाळीस मिनिटे पॅडल मारणे हे कंटाळवाणे काम आहे. पडद्यावरचा घाट आणि त्याच्या माथ्यावरचा बॅज त्या कंटाळ्यावर उतारा ठरतो. हा नुसता खेळही राहिलेला नाही. डिसेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने झ्विफ्टवर पहिली जागतिक ई-स्पर्धा भरवली. पुरुषांत ती जिंकणारा जर्मनीचा जेसन ऑस्बॉर्न हा मूळचा नौकानयनपटू पुढे व्यावसायिक सायकल संघात गेला.

मग घसरण कुठे होते?

त्याच २०२२ च्या आढाव्यात आणखी एक आकडा आहे. उपक्रम सुरू असताना दिसलेला परिणाम संख्याशास्त्राच्या मापात ०.४२ होता, उपक्रम संपल्यानंतरच्या पाठपुराव्यात तो ०.१५ वर आला. म्हणजे बक्षीस समोर आहे तोवर पाय चालतात आणि ते हटले की बऱ्याच अंशी मंदावतात. सवय काही प्रमाणात लागते, पण बॅज वाढवतात तितकी नाही.

असे का होते, याचा एक धागा पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रयोगात सापडतो. १९७३ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या चित्रांची मुळातच आवड असलेल्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितले की, चित्र काढले तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला तेच प्रमाणपत्र न सांगता, नंतर दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण किती चित्रे काढते ते पाहिले. आधी आमिष दाखवलेल्या गटातली मुले इतरांच्या मानाने साधारण निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांची आवड मात्र शाबूत होती. ते प्रमाणपत्र म्हणजे आजच्या बॅजचा कागदी अवतारच. पुढे एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी १२८ प्रयोगांचा आढावा घेऊन १९९९ मध्ये असाच निष्कर्ष मांडला: ‘हे कर, मग ते मिळेल’ अशी बक्षिसे आतून आलेल्या ओढीला मारक ठरू शकतात, मनापासूनची शाबासकी मात्र ती ओढ वाढवते.

या निष्कर्षावर तज्ज्ञांमध्ये वाद झाले आहेत. ज्या कामात मुळात आवड नव्हती, तिथे बक्षिसाने फारसे काही बिघडत नाही, हेही दिसले आहे. तेव्हा व्यायामाचा कंटाळा असलेल्याने बॅजला घाबरू नये. धोका आहे तो ज्याला सायकल चालवायला मुळातच आवडते त्याला.

सरावाचे गणित वेगळे

मनाचा भाग बाजूला ठेवला तरी शरीराचा प्रश्न उरतो. व्यायाम करताना शरीर बळकट होत नाही. त्या वेळी स्नायूंवर ताण पडतो आणि साठवलेली ऊर्जा खर्च होते. बळकटी येते ती नंतरच्या विश्रांतीत, झोपेत आणि जेवणातून. म्हणूनच दमश्वासाच्या खेळांतले जगातले अव्वल खेळाडू सारखे जोर लावत नाहीत. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी त्यांच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साधारण ८० टक्के सत्रे सहज बोलता येईल अशा हलक्या गतीची आढळली. आठवड्याला चार तास मिळणाऱ्या नोकरदाराने हे प्रमाण जसेच्या तसे उचलावे का, यावर मतभेद आहेत. पण कठीण दिवस कठीण, हलका दिवस हलका आणि सुट्टीचा दिवस सुट्टीचा, या तत्त्वावर फारसे दुमत नाही.

आता बॅजांची यादी पाहा. सर्वाधिक अंतर, सर्वाधिक चढण, सर्वाधिक वॅट, सलग दिवस. ‘आज ठरल्याप्रमाणे हळू चालवली’ किंवा ‘ताप होता म्हणून चालवली नाही’ यासाठी क्वचितच कुणी बॅज देते. त्यामुळे हलक्या दिवशी समोर घाटाचा बॅज दिसला की पायात नकळत जोर येतो. २००६ मध्ये कॉफीच्या दुकानातल्या शिक्क्यांच्या कार्डावर एक अभ्यास झाला. फुकट कॉफी जवळ येते तसे गिऱ्हाईक लवकर लवकर दुकानात येऊ लागते आणि ती मिळाली की पुन्हा मंदावते, असे त्यात दिसले. सायकलवर हेच घडते, तेव्हा बॅजच्या आधीच्या आठवड्यात ताण अकारण वाढतो आणि नंतरच्या आठवड्यात सराव सुटतो. शरीराला चढउतार हवाच असतो. पण तो त्याच्या थकव्याप्रमाणे हवा, अॅपच्या आकड्यांप्रमाणे नको.

यात मुंबईची हवा भर घालते. सायकलवरच्या मेहनतीतली जेमतेम पाव ऊर्जा पॅडलपर्यंत पोहोचते. उरलेली उष्णता होते. पॅडलवर १५० वॅट लावणाऱ्याच्या शरीरात सुमारे ५०० वॅट उष्णता तयार होत असते. रस्त्यावर वारा ती वाहून नेतो. पावसाळ्यात बंद खोलीत वारा नसतो आणि हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळण्याऐवजी नुसता टपकतो. मग तेवढ्याच वॅटला हृदयाचे ठोके चढत जातात. रस्त्यावरचा माणूस अशा वेळी आपोआप गती कमी करतो. बॅजला तीन किलोमीटर उरले असतील तर घरातला माणूस ती करत नाही.

बहुतेकांच्या बाबतीत याची किंमत फक्त थकवा आणि गुडघेदुखी एवढीच असते. क्वचित मात्र ती मोठी असते. सराव नसताना जिममध्ये पहिल्यांदाच जोरदार सायकलिंग केल्यावर मांडीचे स्नायू विघटित होऊन त्यांतले घटक रक्तात उतरल्याच्या आणि मूत्रपिंडांवर ताण आल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. व्यायामानंतर एक-दोन दिवसांत मांड्या असह्य दुखू लागल्या, सुजल्या आणि लघवीचा रंग कोकाकोलासारखा गडद झाला, तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे. पहिल्याच आठवड्यात नवख्याला शिखर गाठायला लावणारे कोणतेही बक्षीस म्हणूनच धोक्याचे.

साखळी तुटते तेव्हा

सर्वांत फसवा बॅज सलग दिवसांचा. गिरगाव-लालबागमध्ये राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको की, गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत मंडळ, पाहुणे आणि विसर्जन सोडून कुणी ट्रेनरवर बसत नाही. ९० दिवसांची साखळी तिथे तुटते. नव्वद दिवसांत हृदय आणि फुप्फुसांनी कमावलेले बळ दहा दिवसांत नाहीसे होत नाही. थोडे उतरते आणि चटकन परत येते. पण पडद्यावरचा आकडा थेट शून्यावर जातो. अॅपने तुटलेली साखळी ठळकपणे दाखवली की माणसे ते काम सोडून देण्याची शक्यता वाढते, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ग्राहक-अभ्यासात दिसले आहे. गिटहब या प्रोग्रॅमरांच्या संकेतस्थळाने २०१६ मध्ये सलग दिवसांचा आकडा दाखवणे बंद केले, तेव्हा उलट बाजू समोर आली: आकडा दिसेनासा होताच लांबलचक साखळ्या सोडून देण्याचे प्रमाण वाढले. म्हणजे कितीतरी लोक कामासाठी नव्हे, तर आकड्यासाठी रोज येत होते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. प्रौढ माणसाला आपले बरेवाईट कळते. बॅज नको असेल तर त्याने दुर्लक्ष करावे. पण ही मानचिन्हे दुर्लक्ष होऊ नये म्हणूनच रचलेली असतात, आणि महिन्याची वर्गणी चालू राहण्यात कंपनीचा हिशेब गुंतलेला असतो. त्यामुळे सगळा भार वापरणाऱ्याच्या निग्रहावर टाकणे योग्य नाही. बदल अशक्यही नाही. अॅपल वॉचमध्ये २०२४ पासून आजारपणात किंवा विश्रांतीच्या दिवशी साखळी न तोडता थांबण्याची सोय आली. स्ट्राव्हा दिवसांऐवजी आठवड्यांची साखळी मोजते. आठवड्याला तीन दिवस व्यायाम केला तर बॅज, ही रचना दिवसाला एक यापेक्षा शरीराच्या जास्त जवळ जाते. इतर अॅपनीही हा मार्ग धरायला हवा. आपापल्या भिंतीवर महिन्याच्या विजेत्याचे नाव लावणाऱ्या दादर-परळच्या जिमनीही ‘सर्वाधिक किलोमीटर’ऐवजी ‘बारापैकी बारा आठवडे आलेले’ असा मान द्यायला हरकत नाही. त्यात साठीचे काकाही तिशीतल्या तरुणाच्या बरोबरीने जिंकू शकतात.

तोवर वापरणाऱ्याने करण्यासारखे बरेच आहे. नवी सुरुवात असेल तर पहिले दोन-तीन महिने बॅज खुशाल गोळा करावेत, पण अंतराचे किंवा चढणीचे नव्हेत, हजेरीचे. सवय रुळली की त्यांच्या सूचना बंद कराव्यात. आठवड्याचा आराखडा आधी कागदावर लिहावा आणि त्यात बसणारा बॅजच घ्यावा. बॅजसाठी आराखडा वाकवू नये. हलक्या दिवशी शेजारच्याशी सलग वाक्ये बोलता येतील इतकीच गती ठेवावी आणि तेवढ्यापुरता पडदा झाकून ठेवला तरी चालेल. प्रत्येक सत्रानंतर मेहनत दहापैकी किती वाटली तो आकडा घ्यावा, त्याला मिनिटांनी गुणावे आणि कॅलेंडरवर लिहावे. क्रीडावैज्ञानिक कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली ही पद्धत फुकट आहे आणि अंतरापेक्षा शरीरावरच्या ताणाबद्दल जास्त सांगते. पंखा समोर हवा, पाणी हाताशी हवे. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी जोरकस सत्रांआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखले, चक्कर आली तर माथा कितीही जवळ असो, थांबावे.

तीन महिन्यांनी बॅजांची रांग मोजण्यापेक्षा साध्या गोष्टी तपासाव्यात. दादर स्थानकाचा पूल चढताना धाप पूर्वीइतकीच लागते का? सकाळी उठल्यावर नाडीचे ठोके कमी झाले का? झोप सुधारली का? पाऊस ओसरल्यावर सायकल पुन्हा रस्त्यावर काढावीशी वाटते का? या प्रश्नांची उत्तरे चांगली असतील, तर बॅजांनी आपले काम केले. ती तशी नसतील आणि पडद्यावर मात्र चाळीस बॅज झळकत असतील, तर आराखडा बदलायला हवा.